हालमेसाहेबांचा तबेला

अमृतनाना सोनवणे यांनी सभेत हात वर केला, तो काही जबाबदारी घ्यायला नव्हे. डोक्यावरचं कौल करकरलं म्हणून त्यांनी हात डोक्याकडे नेला होता. पण पाळकसाहेब नेमके त्याच क्षणी विचारत होते, "मग हे काम कोण अंगावर घेईल?" धुळ्याच्या त्या लहानशा चर्चमधल्या साठ-पासष्ट माणसांनी वळून पाहिलं, तर एकच हात वर. टाळ्या झाल्या. लगेच प्रार्थनाही झाली. आणि एकदा प्रार्थना झालेली गोष्ट मागे घेता येत नाही, एवढं नानांना लहानपणापासून ठाऊक होतं.

कौल करकरलं हा भास नव्हता. दोनच तासांपूर्वी असलंच एक कौल सुटून खाली आलं होतं. त्या दिवशी हंगामाची उपासना होती. हंगामाच्या रविवारी मंडळी आपापल्या शेतातलं, परसातलं काहीबाही आणून वेदीपुढे मांडतात. केळीचे घड होते, ज्वारीची कणसं होती, वांगी होती आणि मधोमध शेवंताबाईंनी परसात वाढवलेलं बारा किलोचं गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, होतं. वरून आशीर्वादाचा कसा वर्षाव होतो हे पाळकसाहेब समजावून सांगत असताना कौल बरोबर त्या गंगाफळावर पडलं. पहिल्या तीन बाकांवरच्या लोकांच्या अंगावर बिया उडाल्या. शेवंताबाई सिव्हिल हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या सिस्टर. वय अठ्ठ्याहत्तर, नजर करडी. त्यांनी रुमालाने चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाल्या, "हे कौल माझ्या डोक्यात पडलं असतं तर तुमची कमिटी जाग्यावर आली असती."

छपराची तब्येत सगळ्यांना माहीत होती. शंभर वर्षांहून जुनं काम. एक इंजिनियर मध्यंतरी पाहायला आला होता. तो आत आला, वर पाहिलं आणि पुढचं सगळं बोलणं त्याने बाहेर अंगणात जाऊन केलं. त्याने सांगितलेला खर्च ऐकून खजिनदारांनी खाली बसायला जागा शोधली. मागच्या खोलीतली बालवाडी भिंतीला चीर गेल्यापासून बंद होती. शनिवारचा मोफत दवाखाना व्हरांड्यात खुर्च्या टाकून चाले. पाळक दीपक वळवी हा तरुण, उत्साही माणूस साक्रीकडच्या पाड्यांवर सेवेला जाई तो स्वतःच्या मोटारसायकलवर, आणि त्या मोटारसायकलची तब्येत छपराइतकीच होती. मंडळीतली घरं, म्हणजे चर्चची सभासद कुटुंबं, साठ. कोणी मास्तर, कोणी नर्स, कोणी एस.टी.त. दर रविवारी थाळी फिरे आणि त्या थाळीतून वीजबिल भरलं जाई, इतकंच.

होती ती जमीन. चर्चच्या आवारात, थेट रस्त्याला लागून, मिशनरी साहेबांच्या काळातला घोड्यांचा तबेला होता. घोडे जाऊन पंच्याऐंशी वर्षं झाली होती. आता तिथे मोडकी बाकं, नाताळच्या चांदणीच्या कामट्या आणि समोरच्या शकीलभाईंच्या दोन शेळ्या राहत. शेळ्यांच्या भाड्यापोटी शकीलभाई दर ईदला पातेलंभर शीरखुर्मा पाठवीत, आणि आवारातलं ते एकमेव उत्पन्न होतं. तर ठरलं असं की तबेला उतरवायचा, त्या जागी खाली तीन गाळे आणि वर एक सभागृह बांधायचं, आणि त्याचा खर्च गाळे घेणाऱ्यांच्या आगाऊ अनामतीतून काढायचा. गाळ्यांच्या भाड्यातून आधी छप्पर करायचं, मग बालवाडी, दवाखाना आणि पाड्यांवरची सेवा कायमची चालवायची. जमीन एक वीतभरही विकायची नाही. बाहेरगावचा एक बिल्डर गुळगुळीत कागदावरचं चित्र घेऊन आला होता. त्यात बारा मजली इमारत होती आणि तळाशी, गाड्या लावायच्या जागेच्या पलीकडे, चर्च होतं. पाळकसाहेबांनी त्याला चहा पाजला आणि चित्र परत दिलं.

आणि हे सगळं आता नानांच्या गळ्यात होतं.

नाना घाबरले का? छे. उलट घरी पोचेपर्यंत त्यांची मान ताठ झाली होती. एकतीस वर्षं ते एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. त्यांच्या आवाजावर शिरपूर, साक्री, चोपडा, सगळीकडच्या गाड्या हलल्या होत्या. तेव्हा एक फाईल हलवणं म्हणजे काय मोठंसं, असं त्यांनी पत्नीला, सुलक्षणाबाईंना, जेवताना सांगितलं.

"गाड्यांना चाकं असतात," सुलक्षणाबाई म्हणाल्या आणि भाकरी वाढली.

बातमी फुटायला दोन दिवस लागले. त्यानंतर सल्ले सुरू झाले. सुलक्षणाबाईंचे भाऊ वनाभाऊ असोद्याहून मोटारसायकलवर वांग्यांची पिशवी घेऊन आले. तबेला पायांनी मोजला आणि म्हणाले, "दाजी, ऐका माझं. गाळेबिळे सोडा. भरीत सेंटर टाका. हायवेच्या गाड्या थांबतील. वांगी मी देतो." चोपड्याचे मावसभाऊ म्हणाले, केळी पिकवायची थंड खोली करा, तिच्याइतकं भाडं कशालाच नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांनी लिफ्टचा आग्रह धरला. वर एकच मजला आहे हे सांगितल्यावर ते म्हणाले, "आज एक आहे." नाना सगळ्यांना हो म्हणत आणि वहीत लिहून घेत. ही सवय त्यांना स्टँडवर लागली होती. प्रवाशाची तक्रार लिहून घेतली की तो अर्धा शांत होतो.

शकीलभाईंचा सल्ला मात्र वेगळा होता. समोरच्या बाजूला त्यांचं वेल्डिंगचं दुकान. शटर, खिडक्या, जाळ्या असलं सगळं काम. ते म्हणाले, "नाना, पहिले मातीची तपासणी करा. ही जुनी जागा आहे. खाली विहीर-बिहीर निघाली, तर तीन गाळे पाण्यात." हे नानांना पटलं. खड्डे घ्यायला त्यांनी जेसीबी ठरवला आणि चालकाला फोनवर अगदी स्पष्ट, स्टँडच्या आवाजात सांगितलं, "चर्चच्या पुढच्या बाजूला, तबेल्यालगत, सकाळी आठ वाजता."

चालक सात वाजता आला आणि मागच्या बाजूने आला. त्याचं म्हणणं पुढे असं पडलं की तो ज्या बाजूने आला ती त्याच्या दृष्टीने पुढची. चर्चच्या मागे पाळकांचं घर आणि घराला लागून न्हाणी. न्हाणीला तो तबेला समजला. यंत्राचा पहिलाच दात भिंतीत गेला आणि भिंत आडवी झाली. आत पाळक दीपक वळवी डोक्याला साबण लावून उभे होते. कमरेला पंचा होता, ही देवाची कृपा. डोळे मिटलेलेच होते, म्हणून ते शांतपणे म्हणाले, "कोण आहे?"

शकीलभाई धावत आले ते हाताला लागलं ते घेऊन. हाताला लागलं होतं एक तयार शटर. ते त्यांनी दोन माणसं लावून तिथे उभं केलं आणि दुपारपर्यंत पक्कं बसवूनही दिलं. पुढची दोन वर्षं पाळकांच्या न्हाणीला दुकानाचं शटर होतं. रोज सकाळी सातला ते खडखडाट करत वर जाई, खडखडाट करत खाली येई आणि सगळ्या गल्लीला कळे की पाळकसाहेब अंघोळीला गेले. लोक तो आवाज ऐकून चहा ठेवू लागले. पाळकांनी एका शब्दाने नानांना दोष दिला नाही. त्यांनी दिला असता तर नानांना बरं वाटलं असतं.

पण खरा घोळ कागदांत होता. परवानगीचा अर्ज घेऊन नाना एका कचेरीत गेले. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण त्यांचं पुढे चांगलंही लिहायचं आहे. कारकून तरुण आणि सभ्य होता. त्याने संगणकात नंबर घातला आणि म्हणाला, "मुख्य आवार चर्चच्या ट्रस्टच्या नावावर आहे, त्याचं काही नाही. पण रस्त्याकडची ही पट्टी, तबेल्याची, वेगळी आहे. हालमेंना घेऊन या."

"कोण हालमे?"

कारकुनाने पडदा वळवून दाखवला. धारकाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'रेवरन हालमे, रा. धुळे.' नानांना दोन मिनिटं उमजेना. मग लख्ख प्रकाश पडला. हे रेव्हरंड हॉल्म! चर्चच्या भिंतीवर ज्यांचा दाढीवाला फोटो होता तेच. कोण्या जुन्या लेखनिकाने त्यांना खानदेशी करून टाकलं होतं.

"अहो, हे मिशनरी होते. गोरे साहेब."

"असू दे. त्यांची सही लागेल. बाहेरगावी असतात का?"

"स्वर्गात असतात," नाना म्हणाले.

"मग मृत्यूचा दाखला आणा."

"ते इथून परत गेले सन अडतीसला. तिकडेच वारले."

"मग तिकडचा आणा. आणि वारसांची संमती. वारस किती?"

"त्यांनी लग्नच केलं नव्हतं."

कारकुनाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सहानुभूती दिसली. "मग फारच अवघड आहे, काका," तो म्हणाला.

खरं सांगायचं तर त्याचं काही चुकत नव्हतं. रकान्यात नाव होतं आणि नावाचा माणूस नव्हता. पण आठ महिने चकरा मारून मारून नानांची अवस्था अशी झाली की चहावाला लांबूनच ओरडे, "हालमेनाना आले!" एकदा शिपायाने त्यांनाच हालमे समजून अंगठा द्यायला पुढे बोलावलं. नानांनी साहेबांच्या देशात पत्रं पाठवली. तिकडच्या मिशन ऑफिसातून अतिशय प्रेमळ उत्तर आलं, सोबत एक भिंतीवरची दिनदर्शिका आली आणि 'आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो' असा मजकूर आला. दाखला आला नाही. पण कारकून दिनदर्शिका पाहून खूष झाला आणि त्याने ती टेबलामागे लावली.

इकडे मंडळीत कुजबुज सुरू झाली होती. तिचं नेतृत्व शेवंताबाईंकडे होतं. एका सभेत त्या उभ्या राहिल्या. "प्रभूने मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलून दिलं. आणि आपण त्यांना बोलावून आणतोय. अमृत, तुझ्या आईने तुला याच चर्चमध्ये बाप्तिस्म्याला आणलं तेव्हा मी पाणी धरलं होतं. तेव्हापासून तू असाच आहेस. आधी हात वर, मग विचार."

हा घाव खोल गेला. नाना एकतीस वर्षांत प्रवाशांच्या शिव्या खाऊन कधी खचले नव्हते, पण शेवंताबाईंसमोर ते सहा महिन्यांचे होते. पाळक हळूच म्हणाले, "आजी, ते व्यापारी मंदिराच्या आत होते. आपले गाळे आवाराबाहेर तोंड करून असतील."

"तोंड बाहेर असलं तरी पाठ आतच ना?" शेवंताबाई म्हणाल्या. 

शेवटचा उपाय म्हणून कारकुनानेच सुचवलं की वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. 'सदर मिळकतीबाबत कोणाचे काही म्हणणे असल्यास त्यांनी तीस दिवसांच्या आत कळवावे.' कोणी आलं नाही, तर पुढचा मार्ग काढू. नाना रोज सकाळी उठून कोणी आलं नाही याबद्दल देवाचे आभार मानत. अठ्ठावीस दिवस गेले. एकोणतिसाव्या दिवशी दुपारी ते दही-भात खात होते तेव्हा शकीलभाई चपला न घालताच धावत आले.

"नाना, चला लौकर! हालमेका वारिस आया है! हातमें नळी आहे, नळीत कागद आहे!"

नाना हात धुवायचे विसरले. आवारात पोचेपर्यंत ही बातमी त्यांच्या पुढे पळाली होती. किराणा मालाचे व्यापारी बन्सीलालशेठ कोपऱ्याच्या गाळ्यावर डोळा ठेवून होते. ते दुकान सोडून आले होते. पाळक आले होते. शेवंताबाई तर चर्चच्या पायरीवर न्यायाधीशासारख्या बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर 'मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य तयार होतं.

तबेल्याच्या उंबऱ्यावर एक म्हातारा बसला होता. धोतर, डोक्याला पांढरा रुमाल, पायांवर प्रवासाची धूळ. ऐंशीच्या घरातला. मांडीवर पत्र्याची एक गंजलेली नळी होती आणि ती त्याने दोन्ही हातांनी धरली होती. शेळ्या त्याच्या रुमालाचं टोक चघळत होत्या, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो आतल्या भिंतीकडे पाहत होता.

नानांनी छाती पुढे काढली. जागा जाणार असेल तर निदान रुबाबात जाऊ दे, असं त्यांना वाटलं. "आपलं नाव? आणि या मिळकतीबाबत आपलं म्हणणं काय आहे?"

"मनं नाव पुना," म्हातारा म्हणाला. "म्हननं काही नई भाऊ. देनं शे."

कोणालाच कळलं नाही. बन्सीलालशेठांनी विचारलं, "काय देणं आहे, आबा?"

मग पुनाआबांनी सावकाश सांगितलं. साक्रीच्या पलीकडे त्यांचं गाव. त्यांचा बाप झुलाल या तबेल्यात घोडा सांभाळायचा. दुष्काळात पोरका झाला होता. साहेबांनी त्याला इथे ठेवून घेतलं. साहेब कायमचे मायदेशी निघाले तेव्हा त्यांनी ही नळी झुलालच्या हातात दिली.

"साहेबनी सांगं, झुलाल, मंडळी मांगी तवय देजो. बापनी जबान दिधी. घोडा इकाई गया, बाप गावले उना, पन नळी संगे ली उना. त्यानी वाट दखी. कोनी मांगं नई. मरानी येळे माले दिधी. मी बी वाट दखी. परवादिन मास्तरनी पेपर वाचा. लिखेल व्हतं, कोनाले काही म्हननं व्हई ते सांगा. मी म्हनं, आते मंडळी मांगी राहिनी. म्हनीसन ऊनू."

"अहो पण आबा," नाना म्हणाले, त्यांचा स्टँडचा आवाज कुठल्या कुठे गेला होता, "धुळं काय लांब आहे? तुम्ही आधीच का नाही आणून दिली?"

पुनाआबांनी नवल वाटल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं. "मांगाशिवाय कशी देवो? जबान तशी नव्हती."

शकीलभाईंनी नळीचं गंजलेलं झाकण पकडीने अलगद फिरवून काढलं. आतला कागद तेलकट कापडात गुंडाळला होता. पिवळा पडला होता, पण एक कोपराही दुमडलेला नव्हता. नानांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ते रस्त्याकडच्या पट्टीचं बक्षीसपत्र होतं. साहेबांनी निघण्याआधी ती पट्टी मंडळीला देऊन टाकली होती, रीतसर नोंदणी करून, नंबर आणि शिक्क्यासह. 'मंडळीच्या इमारतीची निगा आणि गरीब लोकांची सेवा यांसाठी' असा त्यात उल्लेख होता. मंडळीला कोणी कळवलं नाही, रकान्यातलं नाव कोणी बदललं नाही, आणि कागद पंच्याऐंशी वर्षं साक्रीपलीकडच्या एका घरात, छपराच्या पाटाईला, म्हणजे तुळईला, बांधून, वाट पाहत राहिला.

शेवटच्या ओळीपाशी नाना अडखळले. "साक्षीदार," त्यांनी वाचलं, "झुलाल, घोडेवाला. डाव्या हाताचा अंगठा."  तिथे निळा, नीट उमटलेला अंगठा होता. पुनाआबांनी वाकून तो पाहिला. वाचता येत नसलं तरी तो त्यांना ओळखता आला.

 शेवंताबाई उठल्या, घरी गेल्या आणि पंधरा मिनिटांनी भाकरी, पिठलं आणि लोणच्याची बरणी घेऊन परत आल्या. आबांच्या पुढ्यात ताट ठेवून म्हणाल्या, "हा माणूस खरा आहे. तुमच्या व्यापाऱ्यांचं अजून मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी नाना पुनाआबांना घेऊन कचेरीत गेले. चहावाल्याने नेहमीप्रमाणे "हालमेनाना!" म्हणून हाक मारली. आज नाना थांबले आणि त्याला म्हणाले, "दोन चहा. एक माझा, आणि एक खऱ्या माणसाचा." कारकुनाने कागद वाचला. जुनं नोंदणीचं पुस्तक मागवलं. धूळ झटकत नंबर शोधला आणि तो नंबर तिथे होता, त्याच अक्षरात, त्याच तारखेला. मग त्याने एक गोष्ट केली जी नानांनी त्या कचेरीत आठ महिन्यांत पाहिली नव्हती. तो स्वतः उठला, आपली खुर्ची उचलून बाहेर आणली आणि पुनाआबांना म्हणाला, "बसा बाबा." खुर्ची चाकांची होती. आबा जरा सरकले, पण बसले. पंधरा दिवसांत रकान्यातलं नाव बदललं. परवानगी निघाली. निघतेवेळी कारकून म्हणाला, "काका, उद्घाटनाला बोलवा." त्याच्यामागे दिनदर्शिका अजून होती.

तबेला उतरवण्याच्या दिवशी नानांनी चालकाच्या शेजारी बसूनच यंत्र आत आणलं. आबांना विचारलं होतं, तुम्हाला इथलं काय हवं? त्यांनी भिंतीतली घोडा बांधायची लोखंडी कडी मागितली. शकीलभाईंनी ती दगडासकट कापून काढली, घासून चकचकीत केली आणि आबांनी ती आपल्या रुमालात बांधून साक्रीच्या गाडीत नेली.

मग बांधकाम झालं. म्हणजे वाळूची गाडी दुसऱ्याच चर्चपुढे रिकामी झाली, सभागृहाचा जिना आधी उलट्या दिशेला चढला आणि तो परत फोडावा लागला, पण हे सगळं आता कोणालाच मोठं वाटत नव्हतं. करारनाम्याच्या दिवशी बन्सीलालशेठ मात्र अडले. कमिटीची अट होती की गाळ्यात तंबाखू, गुटखा, बिडी विकायची नाही.

"मग मी दुकानात काय करू? गीतं म्हणू?" बन्सीलालशेठ म्हणाले.

"तीही चालतील," पाळक म्हणाले.

शेठजींनी तीन दिवस विचार केला आणि सही केली. दुसरा गाळा शकीलभाईंची सून सबीहा हिने शिलाईच्या क्लाससाठी घेतला. तिसऱ्यात रक्त तपासणारे आले आणि शनिवारच्या दवाखान्यातल्या गरिबांचं रक्त फुकट तपासायचं त्यांनी स्वतःहून कबूल केलं. वरच्या सभागृहावर पाटी लागली 'झुलाल सभागृह'. ठराव नानांनी मांडला आणि अनुमोदन शेवंताबाईंनी दिलं, हे मिनिटबुकात नोंदलेलं आहे. सकाळी तिथे बालवाडी भरते, चौपन्न पोरं आहेत, त्यांतली निम्मी समोरच्या वस्तीतली. पाळकांना नवी मोटारसायकल मिळाली आणि न्हाणीला भिंत.

एका वर्षाच्या भाड्यावर आणि थोड्या वर्गणीवर शेवटी छप्पर हाती घेतलं. जुने सागवानी वासे निम्मे चांगले निघाले, ते ठेवले. कौलं नवी आली. मेच्या मधल्या आठवड्यात काम पुरं झालं. धुळ्यात तेव्हा चव्वेचाळीस अंश होते आणि आभाळात ढगाचं नाव नव्हतं. मग छप्पर गळत नाही हे कळणार कसं? ठेकेदार म्हणाला, विश्वास ठेवा. शेवंताबाई म्हणाल्या, "विश्वास देवावर ठेवते. तुझ्यावर पाणी ओतून बघते."

शकीलभाईंनी पाण्याचा टँकर आणला आणि वर पाइप चढवला. रविवारी उपासनेनंतर सगळ्या मंडळीला बाकांवरच बसवून ठेवलं. कारकूनही आला होता, बायकोला घेऊन. बन्सीलालशेठ दारात उभे होते. पुनाआबा पहिल्या बाकावर होते, शेजारी त्यांचे घरचे अकरा जण. जीपमधून आले होते. आणि त्यांच्या बाजूला शेवंताबाई. त्यांनी पिशवीतून एक मोठी काळी छत्री काढली, चर्चच्या आत, सगळ्यांदेखत उघडली आणि डोक्यावर धरली.

"सोडा पाणी!" नाना ओरडले.

वर धबधबा सुरू झाला. कौलांवरून पाणी घरंगळत पन्हाळ्यांत गेलं, पन्हाळ्यांतून अंगणात. आत नुसता आवाज. साठ घरांची माणसं माना वर करून बसली होती, काहींनी डोळे मिटले होते. पाच मिनिटं झाली. दहा झाली. नाना छपराकडे पाहतच नव्हते. ते छत्रीकडे पाहत होते. छत्री हलत नव्हती. एका बाळाने वर बोट दाखवलं, सगळ्यांचा जीव गोळा झाला, पण ते पंख्यावर बसलेल्या चिमणीकडे होतं.

टँकर रिकामा झाला. शेवटचे थेंब पन्हाळ्यातून ठिबकायचे थांबले. फरशी कोरडी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवंताबाईंनी छत्री जरा बाजूला केली, तळहात पुढे धरला, थांबल्या, तळहाताकडे पाहिलं. मग त्यांनी छत्री मिटली, बटण लावलं आणि ती बाकाखाली ठेवून दिली.

"अमृत," त्या मागे न वळता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बरं केलंस हो बाळा."

नानांनी खिशातून रुमाल काढला. घाम फार आला होता, असं ते अजूनही सांगतात.